शेख गुलाब यांची मुलगी

पातूरच्या कचेरीसमोर टिनाच्या शेडखाली गयासुद्दीनचाचा पंचेचाळीस वर्षांपासून अर्ज लिहितात. अर्जनवीस हा शब्द आता कोणी वापरत नाही, लोक त्यांना अर्जवाले चाचा म्हणतात. फेरफार, रेशनकार्डावरचं नाव, विहिरीचं अनुदान, हरवलेला दाखला, काहीही असो. घरात उर्दू, बाजारात वऱ्हाडी आणि कागदावर असं मराठी, की नवा तहसीलदार आला की पहिल्याच आठवड्यात विचारायचा, हा अर्ज कोणी लिहिला?

माझे वडील कचेरीच्या कोपऱ्यावर भाजीचं दुकान लावायचे. शाळेला सुट्टी असली की मी दुकानातून निसटून चाचांच्या बाकावर जाऊन बसायची. तिथंच मी अर्ज लिहायला शिकले. "विनंती एकदाच करायची, गीता," ते म्हणायचे. "दोनदा केली त भीक होते." पुढं मी वकील झाले, अकोल्याला जठारपेठेत एक खोली घेऊन बसले, पण आजही अर्ज लिहिताना 'विनंती' शब्द दुसऱ्यांदा आला की हात थांबतो.

आणखी एक गोष्ट त्यांनी मला तेव्हाच सांगितली होती. लोक यायचे आणि म्हणायचे, चाचा, साहेबाची सही झाली, आता जन्माचं पक्कं झालं. चाचा त्यांना बसवून घ्यायचे. "हे पाय, ही नक्कल हाय. साहेबानं एवढंच म्हटलं, का बुकात जे लिहिलं ते ह्या कागदावर तसंच उतरलं. बुकातलं खरं हाय का, ते बुकातलं लेकरू म्हंजे तूच का, हे त्यानं म्हटलं नाई. पडताळणी वेगळी. पडताळणीत साहेब म्हणते, म्या विचारलं, म्या पाह्यलं, आन मले पटलं का हा जन्म ह्याच माणसाचा, ह्याच दिवशीचा. पहिली सही हाताची असते. दुसरीत माणूस गुततो." मी तेव्हा दहा-बारा वर्षांची होते. कायद्याच्या पुस्तकात हाच फरक मला पुढं चार पानांत वाचायला मिळाला आणि तितका समजला नाही.

दोन वर्षांपूर्वी चाचांनी आपल्या बायकोचा, शहाजादीचाचीचा, जन्मदाखला काढला. त्या वर्षी सगळेच काढत होते. ज्यांच्या जन्माची नोंद कधी झालीच नाही, त्यांनी अर्ज करायचा, शपथपत्र द्यायचं, चौकशी होऊन तहसीलमधून आदेश मिळायचा, की उशिराची नोंद. चाचीचं माहेर हिवरखेडच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याचं एक लहान गाव. त्यामुळे अर्ज त्या तालुक्याला गेला. दाखला आला. चाचीनं तो एकदा पाहिला आणि कपाटात ठेवून दिला.

मग गेल्या वर्षी हुकूम निघाला, की अशा उशिराच्या नोंदी पुन्हा तपासायच्या. चाचीच्या नावानंही नोटीस आली. मूळ पुराव्यांसह हजर राहावे.

चाचा ती घेऊन न कळवता अकोल्याला माझ्या खोलीवर आले. मी वाचली आणि म्हटलं, "यात घाबरण्यासारखं काही नाही चाचा. तपासतील, बस."

"भेव नाई वाटून राह्यलं," ते म्हणाले. "लाज वाटून राह्यली."

त्यांनी दाखला समोर ठेवला. जन्मतारीख एक जानेवारी एकोणीसशे अठ्ठावन्न.

"आधारवाल्या पोरानं वय विचारून एक जानेवारी टाकलं होतं. म्या तेच पाहून अर्जात लिहिलं. लोकायले इतकी वर्षं सांगून राह्यलो का पडताळणी म्हंजे काय, आन घरच्या बाईले एक सवाल विचारला नाई. पन्नास वर्षं झाली निकाहाले. ही कोणत्या दिवशी जन्मली, मले माहीत नाई."

"चाचीला माहीत आहे का?"

"नाई. तरी विचाराले पायजे होतं."

चाचीच्या माहेरच्या तहसीलच्या अभिलेख कक्षात जुनी कोतवाल बुकं होती. पूर्वी गावचा कोतवाल गावात झालेले जन्म आणि मृत्यू त्यात टिपायचा. लांबट वह्या, जाड पुठ्ठा, कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या. परवानगी काढून आम्ही दोघं बसलो. या बुकांत लेकराचं नाव सहसा नसतंच. तारीख, बापाचं नाव, मुलगा किंवा मुलगी, एवढंच. चाचीचे वडील शेख गुलाब. विड्याच्या पानांच्या टोपल्या बैलगाडीत भरून ते हिवरखेडच्या स्टेशनावर पोचवायचे. अठ्ठावन्न सालात त्यांच्या नावावर काही नव्हतं. एकोणसाठ पाहिलं, सत्तावन्न पाहिलं. काही नाही. दुपारचे दोन वाजले असतील, मी छप्पन्न सालचं बुक उघडलं आणि तिसऱ्याच पानावर बोट थांबलं.

चौदा जानेवारी एकोणीसशे छप्पन्न. शेख गुलाब यांची मुलगी.

मला इतका आनंद झाला की मी चाचांचा हात धरला. दोन वर्षांचा फरक म्हणजे काहीच नाही. सरकारी बुकातली, त्या काळची, कोतवालाच्या हातची नोंद. याच्यापुढं शपथपत्रं वगैरे काहीच टिकत नाही. नक्कल काढायची, तारीख दुरुस्त करून घ्यायची, झालं. चाचांनी ती ओळ वाचली, चष्मा काढून पुसला, परत वाचली. मग त्यांनी मृत्यूचं बुक मागितलं.

"ते कशाला?" मी म्हटलं.

"असंच."

त्यांनी एक-एक पान उलटलं. ऑगस्ट महिन्यात त्यांना ती ओळ सापडली. शेख गुलाब यांची मुलगी. वय सात महिने. ताप.

आम्ही बाहेर येऊन चहाच्या टपरीवर बसलो. मी वकिलासारखी बोलायला लागले, आज आठवलं की अंगावर काटा येतो. मी म्हटलं, चाचा, मृत्यूच्या नोंदीतही नाव नाही. ते बुक कोणी मागितलेलं नाही. तपासणीत जन्माची नोंद पाहतात, ती आहे. बापाचं नाव जुळतं, गाव जुळतं. खोटं काहीच लिहायचं नाही, फक्त जेवढं विचारतील तेवढंच दाखवायचं.

चाचांनी कप खाली ठेवला. "गीता, ते लेकरू सात महिने जगलं. त्याच्यापाशी दुनियेत एवढी एक ओळ हाय. ते घेऊन घेऊ का मी त्याच्यापासून?"

परतीच्या एसटीत ते खिडकीबाहेर पाहत होते. अकोट सोडल्यावर म्हणाले, "तुही चाची त म्हणते का थे घरातली पहिली. तिले सांगा लागन."

चाचीला सांगताना मी तिथं होते. ती अंगणात मेथी निवडत बसली होती. चाचांनी आडवळण न घेता सगळं सांगितलं. ती निवडत राहिली. जुडी संपली, तेव्हा तिनं विचारलं, "मले बहीण होती?"

"हो."

"मायनं कधी सांगतलं नाई." थोड्या वेळानं म्हणाली, "नाव काय होतं तिचं?"

"बुकात नाई लिहिलं."

"कोनाले तरी माहीत असन." तिनं मेथी उचलली. "गोदाबाई हाय अजून. आपन जाऊ."

असा तो प्रवास ठरला. चाची वीस वर्षांत माहेरी गेली नव्हती. तिथं तिचं कोणी उरलं नव्हतं. होती ती शेजारच्या बारी कुटुंबातली गोदाबाई. त्यांचा पानमळा आणि त्याला लागून पानपिंपळी या औषधी वेलीचं वावर. शेख गुलाब त्यांचीच पानं वाहायचे आणि चाचीची आई त्यांच्या मळ्यात पानं खुडायला जायची. गोदाबाई चाचीपेक्षा बारा वर्षांनी मोठी. लग्न होऊन सासरी गेली, विधवा होऊन परत आली, तेव्हापासून धाकट्या भावाजवळ, जानरावकडे राहते.

आम्ही पोचलो तेव्हा गोदाबाई ओट्यावर पानं मोजून गड्डी लावत होती. हात थांबले नाहीत. चाचीकडं पाहून म्हणाली, "सजादी होय ना? लय जाड झाली तू."

चाची तिच्या शेजारी बसली आणि दोघी बराच वेळ कोण गेलं, कोण राहिलं, यावर बोलत राहिल्या. चाचांनी घाई केली नाही. जानरावनं आम्हाला चहा दिला. मग चाचीनंच विचारलं, "गोदाबाई, माह्याआधी माही बहीण झाली होती का?"

गोदाबाईनं गड्डी खाली ठेवली.

"झाली होती. संक्रांतीच्या दिवशी. आमी तियगूय वाटून राह्यलो होतो, तवाच खबर आली. लय गोरी पोट्टी होती. पावसायात गेली. ताप उतरलाच नाई." तिनं चाचीकडं नीट पाहिलं. "तुही माय दोन वर्षं कोनाशी धड बोलली नाई. मंग तू झाली. मळ्यात झाली तू, घरात नाई. तिचा हट्ट होता. म्हने घरात झालेलं घरानं नेलं. आन तुह्या बापाले तिनं शपथ घातली होती, का ह्या पोट्टीचं कोतवालाले सांगायचं नाई. पहिलीचं लिहिलं आन थे गेली. हिचं कोठीच लिहायचं नाई."

सदुसष्ट वर्षं ज्या नोंदीचा पत्ता नव्हता, ती कोणाच्या निष्काळजीपणानं राहिली नव्हती. ती एका आईनं राहू दिली होती, लेकरू जगावं म्हणून.

"नाव काय होतं तिचं?" चाचीनं विचारलं.

गोदाबाई जराशी अडखळली. "तेच त. शहाजादी. तुह्या मायनं तेच नाव तुले ठेवलं."

चाची पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "म्हंजे मी दोघींचं नाव चालवून राह्यली," आणि गोदाबाईच्या गड्डीतली पानं उचलून सरळ करायला लागली. तिचे हात जुन्या सवयीनं चालत होते.

चाचा आता अर्जनवीस झाले होते. त्यांनी वही काढली. "गोदाबाई, ही मळ्यात झाली तो दिवस कोणता?"

"तारीख मले काय मालूम. ह्याच्या बारशाचा दिवस होता." तिनं जानरावकडं बोट दाखवलं. "होळीच्या तोंडावर हा झाला, आन ह्याच्या बारशाले ही."

जानराव हसला. "म्हंजे माहं बारसं हिनं मोडलं."

जानरावची नोंद बुकात होती. आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिली. तीन मार्च एकोणीसशे अठ्ठावन्न, बापाचं नाव, मुलगा. बारावा दिवस चौदा मार्च.

अर्ज चाचांनीच लिहिला. त्यात त्यांनी दोन्ही नकला जोडल्या, संक्रांतीच्या जन्माची आणि ऑगस्टच्या मृत्यूची, आणि लिहिलं की ही नोंद अर्जदाराची नाही. पुढं लिहिलं की आधीच्या अर्जात एक जानेवारी ही तारीख पुराव्याशिवाय नमूद झाली, ती चूक अर्ज लिहिणाऱ्याची आहे, अर्जदाराची नाही. मी म्हटलं, हे वाक्य गाळा, याची गरज नाही. त्यांनी गाळलं नाही.

सुनावणीला मी वकील म्हणून उभी होते, पण माझं काम फार नव्हतं. तहसीलदार चाळिशीचे, शांत गृहस्थ. त्यांनी कागद आधी वाचून ठेवले होते. गोदाबाईला खुर्ची दिली. पानाच्या रंगाचं हिरवं लुगडं नेसून ती आली होती. तिला बुकात काय आहे, हे आम्ही सांगितलं नव्हतं. चाचांनी तशी ताकीदच दिली होती. आपण सांगितलं तर साक्ष आपली होते, तिची राहत नाही, असं ते म्हणाले.

"आजी, अडुसष्ट वर्षं होत आली. तुम्हाला तो दिवस कसा आठवतो?"

"साहेब, भावाचं बारसं होतं. पुरनपोई केली होती. मले पान वाढलं आन तवाच मळ्यातून बोलावनं आलं, माह्या आजीले. मी बी धावली तिच्या मांगं. आमी परत आलो तवर पाव्हण्यायनं सारं खाऊन टाकलं. मी जेवली नाई त्या दिवशी. उपाशी राह्यलेला दिवस ध्यानात राह्यते."

तहसीलदारांच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं, पण त्यांनी पुढचा प्रश्न नेमका विचारला. "यांच्या आईला आधी एक मुलगी झाली होती ना? तुमच्या आठवणीत दोघींची सरमिसळ तर होत नाही?"

"कशी होईन? थे घरात झाली, संक्रांतीले, थंडीत. ही मळ्यात झाली, उन्हं लागली होती. थे पोट्टी पोयाच्या आधी गेली. म्या पाह्यली तिले. ही त इथं बसली."

तहसीलदारांनी छप्पन्न सालची नक्कल पुढं ओढली आणि तारखेवर बोट ठेवलं. चौदा जानेवारी. मग मृत्यूची नक्कल पाहिली. ऑगस्ट. नंतर जानरावचा जबाब घेतला. त्याला स्वतःचं बारसं आठवणं शक्यच नव्हतं, पण आई दरवर्षी सांगायची, हे त्यानं सांगितलं. गावात चौकशी करून अहवाल मागवला. महिनाभरानं आदेश आला.

तो आदेश माझ्याकडे आहे. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे. सन एकोणीसशे छप्पन्नची नोंद अर्जदाराची नसून तिच्या मयत बहिणीची आहे, आणि त्या नोंदीशी साक्षीदाराचे स्वतंत्र कथन जुळत असल्यामुळे साक्षीदाराची स्मृती विश्वसनीय मानण्यास आधार मिळतो. म्हणजे जी ओळ मी चहाच्या टपरीवर लपवायला सांगत होते, तिनंच गोदाबाईचा शब्द पक्का केला. जुना दाखला रद्द झाला. चौदा मार्च एकोणीसशे अठ्ठावन्न ही तारीख पडताळून नव्यानं नोंद करण्याचा हुकूम झाला.

नवा दाखला चाचांनी घरी चाचीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "म्हंजे मी अडीच महिन्यानं लहान झाली." मग त्यांच्या मुलानं, शाकीबनं, आधारकार्डाचं बघतो म्हणून मोबाईल काढला आणि नवी अपॉइंटमेंट मिळेपर्यंत तो तिथंच चिडत बसला.

चाचीनं दुसरा कागद मागितला, बहिणीच्या जन्माची नक्कल. "हिच्यात नाव कोठीसा असते?"

चाचांनी रकाना दाखवला. तिथं नुसती रेघ होती.

"इथं लिहिता येईन का?"

"नाई. नाव चढवाले मायबापानं अर्ज करा लागते. मुदत असते त्याले. मायबाप बी गेले आन मुदत बी."

"तुमाले बी नाई लिहिता येत?"

"सरकारी कागदावर मी एक टिंब नाई टाकत, बेगम. तुले मालूम हाय."

ती हो म्हणाली आणि नक्कल घडी घालायला लागली. चाचा उठले, आतून कोरा कागद आणि पेन आणलं. कचेरीत साहेबासाठी काढायचे त्या वळणदार अक्षरात त्यांनी लिहायला सुरुवात केली. वर 'प्रति' लिहिलं नाही, विषय लिहिला नाही. मी शहाजादी, शेख गुलाब यांची मुलगी, लिहून देते की माझ्या आधी माझ्या आईवडिलांना एक मुलगी झाली होती. ती संक्रांतीला जन्मली आणि पोळ्याच्या आधी वारली. तिचे नाव शहाजादी होते. मला तिचे नाव मिळाले.

"कोनाले देयाचा हा?" चाचीनं विचारलं.

"कोनालेच नाई. आपल्याजवळ ठेवाचा."

तिनं खाली अंगठा दिला. साक्षीदार म्हणून मी सही केली. चाचा म्हणाले, ज्यानं पाहिलं तो माणूस पाहिजे, तू नुसतं ऐकलंस. खरं होतं. म्हणून दिवाळीनंतर आम्ही पुन्हा त्या गावाला गेलो. गोदाबाई साक्षरतेच्या वर्गात सही शिकली होती. तिनं कागद गुडघ्यावर घेतला, जानरावकडून पेन मागितलं आणि मान वाकडी करून एक-एक अक्षर काढलं. 'गोदा' झाल्यावर ती थांबली, आम्हा सगळ्यांकडं पाहिलं आणि मग 'बाई' लिहिलं.